‘आपल्याकडून चूक झाली’ म्हणजे नेमकी कोणाकडून?

शाईचा डाग

एका शब्दाने माझा अख्खा आठवडा खाल्ला, म्हणून इथे विचारतेय.

मी ऑफिसात मजकूर लिहायचं काम करते. जाहिरातींचा नाही, रोजचा. क्लायंटला जाणारी पत्रं, माहितीपत्रकं, खुलासे, दिलगिऱ्या. मागच्या मंगळवारी एका क्लायंटला नव्या आकड्यांची फाइल जायची होती, गेली आधीच्या महिन्याची. त्यांनी ती उघडून न बघता वरच्यांना दाखवली आणि व्हायचं ते झालं. फाइल जोडणारी मीच. म्हणून दिलगिरीच्या मसुद्यात मी सरळ लिहिलं: ‘माझ्याकडून चूक झाली. जुनी फाइल पाठवली गेली.’

आमच्या साहेबांनी मसुदा वाचला. म्हणाले, एकटीने अंगावर घ्यायचं नाही, आपण टीम आहोत. आणि ‘माझ्याकडून’ खोडून ‘आपल्याकडून’ केलं. माणूस चांगला आहे हो, हेतूही चांगलाच. मेल गेला तो असा: ‘आपल्याकडून चूक झाली असून जुनी फाइल पाठवण्यात आली आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’

वीस मिनिटांत फोन. पलीकडच्या बाई अगदी थंड आवाजात, ‘आमच्याकडून? आम्ही कुठली फाइल पाठवली?’

मला दोन सेकंद काही कळेचना. मग कळलं तेव्हा कानशिलं तापली. त्यांनी ते ‘आपण’ आदरार्थी वाचलं होतं. म्हणजे आम्ही त्यांना अतिशय नम्रपणे कळवलं होतं की चूक तुमची आहे.

एवढ्यावर भागलं नाही. मेलमध्ये टीममधल्या सगळ्यांची नावं होती. त्यातला एक जण त्या दिवशी रजेवर होता. तो संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘आपल्याकडून म्हणजे माझ्याकडूनपण का?’

शब्द एक. लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ, वाचणाऱ्या दोघांच्या मनात दोन वेगळे, आणि त्यातला एकही खरा नाही. कारण चूक माझी होती.

तर पहिला प्रश्न असा: मी, आम्ही, आपण यांतलं कुठलं कुठे वापरायचं, याचा काही नियम तुमच्याकडे आहे का? ‘कानाला बरं वाटेल ते’ हे उत्तर नको, त्यानेच घात केलाय.

दुसरा प्रश्न ऑफिसबाहेरचा आहे. रात्री मी कथा लिहिते. सध्याच्या कथेत मुलगी वडिलांबद्दल सांगतेय. पहिल्यापासून ‘ते आले’, ‘त्यांनी चष्मा काढला’ असं चाललंय. काल एका ओळीत माझ्या हातून ‘तो तसाच बसून राहिला’ असं उतरलं. ठरवून नाही. खोडायला गेले आणि खोडवेना. ही चूक समजू की ठेवू?

खोडरबर

तीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळे तुमची जखम ओळखीची आहे. तुमच्या साहेबांचं व्याकरण चुकलेलं नाही, पत्ता चुकला. खोलीत बोलताना जे ‘आपण’ बरोबर होतं, ते त्यांनी खोलीबाहेर पाठवलं.

‘आपण’ हा शब्द मुळात स्वतःपुरता. संस्कृतातला ‘आत्मन्’ प्राकृतात ‘अप्पण’ झाला आणि आपल्याकडे ‘आपण’. ‘तो आपण होऊन आला’ यात तो जुना अर्थ अजून धडधाकट आहे. पण पुढे याच शब्दावर आणखी दोन कामं पडली. बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘आपण’, आणि समोरच्याला मान द्यायचा तर तोही ‘आपण’. एकाच माणसाला तीन हुद्दे दिल्यावर सहीचा घोळ होणारच.

मग एरवी घोळ का होत नाही? कारण क्रियापद पहारा देतं. ‘आपण उद्या भेटू’ म्हटलं की दोघं मिळून. ‘आपण उद्या भेटा’ म्हटलं की तुम्ही. शेवटच्या अक्षरात सगळं येतं. पण तुमच्या वाक्यात क्रियापद कोणाला बांधलेलं आहे बघा: ‘चूक झाली’. ते चुकीला बांधलंय, माणसाला नाही. कोणाकडूनही होवो, ते ‘झाली’च राहणार. पहारेकरी भलत्याच दारावर उभा. ‘आपल्याला वाटलं’, ‘आपल्या लक्षात आलं नाही’, ‘आपण पाठवलेली फाइल’, या सगळ्या जागा तशाच निसरड्या. ‘आपण फाइल पाठवली’ हेही त्यातलंच, क्रियापद फाइलला जुळतंय. जुने लोक समोरच्याबद्दल असेल तर ‘पाठवलीत’ लिहायचे, तो शेवटचा ‘त’ म्हणजे माणसाची खूण. हल्ली तो लिहिण्यातून गळत चाललाय आणि कोणाला त्याचं सुतक नाही.

म्हणून माझा नियम, तुम्हाला हवाच असेल तर: क्रियापदात माणूस दिसत नसेल तिथे पत्रात ‘आपण’ लिहायचं नाही. ‘आमच्याकडून’ किंवा ‘तुमच्याकडून’ लिहायचं. मान कमी होईल ही भीती अनाठायी आहे. दोष ज्याचा नाही त्याच्यावर ढकलण्याइतका अपमान ‘तुम्ही’त नसतो.

‘आपला’बद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढचा अपघात तिथे होतो. ‘शिक्षकांनी मुलाला आपली वही दिली.’ वही शिक्षकांची. ‘त्याची वही दिली’ म्हटलं की मुलाची, किंवा तिसऱ्याच कोणाची. एका बातमीत मी ‘आपल्या’चं ‘त्यांच्या’ झालेलं पाहिलं आणि एका वाक्यात एका सभ्य गृहस्थांचं घर दुसऱ्याच्या नावावर गेलं.

हा आम्ही-आपण भेद सगळ्या भाषांच्या नशिबी नसतो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनं’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’. हिंदीला ‘हम’वर भागवावं लागतं, इंग्रजीला ‘वी’वर. आपल्याला मात्र अनेकवचनात तोंड उघडल्याबरोबर सांगावं लागतं की ऐकणारा आत आहे की बाहेर. मी याला चैन समजतो. तुम्ही या आठवड्यात समजणार नाही, हे मान्य.

बाकी संविधानाची उद्देशिका काढून पाहा. मराठीत ती ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी सुरू होते. ‘आपण’ नाही. आणि ते बरोबर आहे. तिथे कोणी सभेत भाषण करत नाही, जगासमोर उभं राहून सांगतंय. ‘आपण, भारताचे लोक’ असं वाचून पाहा, निमंत्रणपत्रिका वाटते.

तिरपा टोला

खोडरबर काकांचं सगळं खरं, पण चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय.

खरा आरोपी ‘पाठवण्यात आली आहे’. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या अंगावर डाग पडू नये म्हणूनच जन्माला आलंय. ‘सूचित करण्यात येते’, ‘कळविण्यात येत आहे’, ‘निर्णय घेण्यात आला’. कोणी घेतला? आकाशवाणी झाली. सर्वनाम चुकीचं वापरायला निदान सर्वनाम लागतं हो, इथे माणूसच पळून गेलाय.

आणि ताई, रागावू नका, पण तुमचा मूळ मसुदा परत वाचा. पहिल्या वाक्यात ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणून छाती पुढे केलीत आणि लगेच दुसऱ्यात ‘जुनी फाइल पाठवली गेली’ म्हणून मागच्या दाराने निघालात. ‘मी जुनी फाइल पाठवली.’ पाच शब्दांऐवजी चार, आणि कोणाला फोन करायची गरज नाही.

(मोजून बघायला जाऊ नका, अंदाजाने सांगतोय.)

शाईचा डाग

मोजले. मसुद्यात चार आहेत, तुमच्याही वाक्यात चारच. पण बाण लागला. ‘पाठवली गेली’ लिहिताना आपण पळतोय हे मला खरंच कळलं नव्हतं.

दोन तीर

अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा प्रश्न रोज सकाळी दारात उभा असतो.

इंग्रजीतल्या ‘यू’चं मराठीत तू करायचं, तुम्ही करायचं की आपण, हे मूळ लेखकाने ठरवलेलं नसतं. मला ठरवावं लागतं. पहिल्या प्रकरणात दोन अनोळखी माणसं भेटतात, शेवटच्या प्रकरणात ती एका घरात राहत असतात. मधल्या कुठल्या तरी ओळीत ‘तुम्ही’चं ‘तू’ व्हायलाच हवं, नाहीतर त्यांचं जुळलं हे मराठी वाचकाला पटणार नाही. पण कुठल्या ओळीत? एका कादंबरीत मी ती जागा भांडणात शोधली. दोघं ‘तुम्ही तुम्ही’ करत तावातावाने बोलतायत आणि मध्येच ती म्हणते, ‘जा तू इथून.’ रागातलं ‘तू’ आहे ते. पण एकदा तोंडातून गेलं की परत ‘तुम्ही’वर जाता येत नाही. दोन प्रकरणांनंतर दोघं गोडीत येतात तेव्हा ‘तू’ आधीच घरात येऊन बसलेलं असतं. मूळ पुस्तकात त्या जागी यातलं काहीच घडत नाही. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘यू’.

1960 साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोघांनी युरोपीय भाषांमधल्या अशा तू-तुम्हींचा एक प्रसिद्ध अभ्यास मांडला. थोडक्यात असा की या निवडीमागे दोन गोष्टी असतात, सत्ता आणि जवळीक. वरून खाली ‘तू’ आणि खालून वर ‘तुम्ही’, हा सत्तेचा व्यवहार. दोन्ही बाजूंनी ‘तू’, हा जवळिकीचा. आणि युरोपात हळूहळू दुसऱ्याने पहिल्याला मागे सारलं. स्वीडनमध्ये तर 1967 साली ब्रूर रेक्सेड नावाच्या बड्या अधिकाऱ्याने वैद्यकीय प्रशासनाची सूत्रं हातात घेताच जाहीर करून टाकलं की आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार. आज त्या सुधारणेशी त्याचं नाव जोडलेलं आहे.

मराठीत मात्र सर्वांत वर जो बसलाय त्यालाच आपण बेधडक ‘तू’ म्हणतो. देवाला ‘आपण’ म्हणणारा भक्त मला तरी माहीत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचं मराठी बघा: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानिले जावो.’ या एका ओळीत या धाग्यातल्या दोन्ही गोष्टी आहेत. ‘तुझे’, कारण देव जवळचा. आणि ‘आमच्या’, ‘आपल्या’ नव्हे. इंग्रजीत नुसतं ‘अवर’ आहे, काही ठरवावं लागत नाही. मराठीत ‘आपल्या स्वर्गातील पित्या’ असं ज्याला हाक मारतोय त्यालाच म्हटलं, तर देवालाही एक बाप आहे असा अर्थ होतो! ज्या कोणी ते पहिल्यांदा मराठीत लिहिलं, त्याला इथे क्षणभर थांबावं लागलं असणार.

आता माझी स्वतःची फजिती. एक इंग्रजी कथा हातात होती. निवेदक ‘आय’, आणि तो पुरुष की बाई हे लेखकाने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. कथेचा सगळा जीव त्यातच. मराठीत पहिलंच वाक्य अडलं: मी थकलो होतो? थकले होते? आपलं क्रियापद ‘मी’चं लिंग चारचौघांत ओरडून सांगतं. दोन दिवस पान कोरं. मग एकेक फट सापडत गेली. ‘थकणं’ टाळून ‘अंगात त्राण उरलं नव्हतं’. सकर्मक क्रियापद भूतकाळात नेलं की ते कर्माला जुळतं, त्यामुळे ‘मी दार उघडलं’, ‘मी दिवा मालवला’ यातून काहीच कळत नाही. ‘मला झोप येईना.’ भविष्यकाळही सुरक्षित: ‘मी उद्या जाईन.’ म्हणून कथेतला निवेदक सारखा काहीतरी उघडतो, उचलतो, पाहतो. नुसता बसत नाही, उठत नाही, चालत नाही. मराठीत आल्यावर माणूसच जास्त हाताळणारा झाला.

संवादांत मात्र खरी पंचाईत. समोरचा विचारणार, ‘कुठे निघालास?’ की ‘निघालीस?’ शेवटी सर्व पात्रांना निवेदकाशी ‘तुम्ही’ बोलायला लावलं. ‘कुठे निघालात?’ यात लिंग लपतं. पण त्याची किंमत अशी की मूळ कथेतला विशीतला निवेदक मराठीत सगळ्यांनी अहोजाहो केल्यामुळे चाळिशीचा वाटायला लागला. एका सर्वनामाने झाकलेलं दुसऱ्याने उघडं केलं. अजून ते मला सलतं.

तुमच्या कथेबद्दल: हात घसरलेला नाही. ठेवा. पण एकदाच. ‘ते’चं ‘तो’ होणं म्हणजे त्या ओळीत मुलीने बापाला बाप म्हणून नाही, समोर बसलेला एक माणूस म्हणून पाहिलं. तिरस्काराने असेल, कीव येऊन असेल, ते वाचकाला ठरवू द्या. आसपास ‘तिला राग आला’सारखं काही लिहिलं असेल तर ते काढा, सर्वनामाने काम केल्यावर विशेषणाला बोलावायचं नाही. आणि लक्ष द्या ते परत ‘ते’वर कधी येता त्याच्याकडे. माझ्या मते कथा त्या परतण्यात आहे.

मागचा बाक

भाषणांची आवड म्हणून हा धागा वाचत होतो, खोडरबर काकांच्या उद्देशिकेवर थोडं भांडायचंय.

‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा बाहेर, हे व्याकरण झालं. पण उद्देशिका कोणी ऐकायला बसतच नाही, ती आपण मोठ्याने म्हणतो. आणि म्हणणारा ऐकणारा नसतो, बोलणारा असतो. ‘आपण, भारताचे लोक’ असतं तर कोणीतरी मला सांगतंय असं वाटलं असतं. ‘आम्ही’ म्हणताक्षणी मी सांगणाऱ्यांत जाऊन उभा राहतो. ती सुरुवात ‘आम्ही’ने होते आणि शेवट ‘स्वतःप्रत अर्पण करत आहोत’ने. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. बाहेर कोणी उरतच नाही. त्यामुळे काका म्हणतात तसं जग समोर उभं असेलही, पण मला ते दिसत नाही. मला ओळीत उभे असलेले लोक दिसतात.

याच्या उलट शाळेतली प्रतिज्ञा. शेकडो मुलं एका सुरात म्हणतात, आणि म्हणतात काय? ‘भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत.’ ‘आमचा’ नाही. मूळ प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली तेलुगूत लिहिली, तिथेही एकवचनच आहे. म्हणजे ज्या भाषेत दोन-दोन प्रकारचे ‘आम्ही’ हाताशी होते, त्या भाषेत लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूला ठेवून ‘माझा’ घेतला. हे मला लहानपणी विचित्र वाटायचं. आता वाटतं की ‘आमचा’ म्हटलं असतं तर मागच्या बाकावरच्या माझ्यासारख्याने नुसते ओठ हलवले असते.

टिळकांचंही तेच. त्या काळच्या अग्रलेखांत संपादक स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेत, ‘आमच्या मते’, ‘आम्हांस वाटते’. ती रीतच होती. पण लोकांच्या तोंडी राहिलेलं वाक्य कुठलं? ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.’ एवढ्या मोठ्या सार्वजनिक मागणीत एकही ‘आम्ही’ नाही. आता तिथे ‘आमचा’ घालून बघा. ठराव होतो, आणि ठरावाला अनुमोदन लागतं. ‘माझा’ला लागत नाही. ज्याने ते म्हटलं त्याचं ते झालं. आणि तो ‘मी’ तिथे उगाच आलेला नाही. मराठीत ‘मिळवणारच’ एवढं पुरलं असतं, संदर्भाने कळलं असतं. आपण ‘मी’ सहज गाळतो, ‘येतो हं’, ‘बघते’, ‘सांगेन’. म्हणून जेव्हा तो उच्चारला जातो तेव्हा त्याला वजन येतं.

लिंकनने नेमकं उलट केलं. गेटिसबर्गचं भाषण, 19 नोव्हेंबर 1863, जेमतेम पावणेतीनशे शब्द. त्यात ‘मी’ एकदाही नाही, ‘वी’ दहा वेळा. मराठी करायला घेतलं तर ते ‘आपण’ होईल, समोरचा जमाव त्यात आहे. पण त्यातला खरा ताण आपण आणि ते यांच्यात आहे. आपण ही जमीन पवित्र करू शकत नाही, जे इथे लढले त्यांनी ती आधीच केलीय. दहा वेळा ‘आपण’ म्हणून माणूस सांगतोय काय, तर आपल्या हातात किती थोडं आहे.

निवडणुकीच्या सभांत ‘आपण’ कधी येतो आणि ‘आम्ही’ कधी, हे एकदा कान देऊन ऐका. काम झालं असेल तर ‘आम्ही केलं’. राहिलं असेल तर ‘आपल्याला करायचंय’. पक्ष कुठलाही घ्या.

खोडरबर

मागचा बाक, हरलो. ‘म्हणणारा ऐकणारा नसतो’ हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. प्रूफ वाचणारा मनात वाचतो, त्याचा हा दोष.

पण तुमच्या एकवचनाला एक जुना आधार देतो. पसायदानात ‘तोषोनि मज द्यावें’ आहे. मज, म्हणजे मला. आणि मग मागितलंय काय? खळांची व्यंकटी सांडो, जो जे वांछील तो ते लाहो. मागणारा एकटा, यादीत त्याचं स्वतःसाठी एक अक्षर नाही. शके 1212 मधलं हे, म्हणजे 1290. तिथे ‘आम्हां द्यावें’ असतं तर आम्ही कोण हा प्रश्न आला असता, आणि खळ त्यातून बाहेर राहिले असते.

आणि तुकोबा दोन्ही हातांनी खेळतात. ‘आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने’ असं ऐटीत म्हणायचं आणि सही करताना ‘तुका म्हणे’ म्हणून स्वतःला तिसरा माणूस करून टाकायचं. अभंगाच्या आत ‘आम्ही’, दाराशी आल्यावर ‘तो’.

तिरपा टोला

‘काम झालं तर आम्ही, राहिलं तर आपण’ हे मी आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला घेऊन जाणार आहे. परत येईन की नाही माहीत नाही.

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

दुसरा मेल लिहिला. साहेबांना दाखवण्याआधी इथलं सगळं परत वाचलं. पाठवलेला मजकूर हा:

‘मंगळवारी मी तुम्हाला मे महिन्याऐवजी एप्रिलची फाइल पाठवली. त्यानंतरच्या मेलमध्ये “आपल्याकडून चूक झाली” असं वाक्य गेलं. त्याचा अर्थ तुमच्याकडून असा होऊ शकतो, हे आमच्या लक्षात आलं नाही. चूक माझी होती, तुमची नव्हती. योग्य फाइल सोबत जोडली आहे. यापुढे पाठवण्याआधी फाइल दोघं जण तपासतील, अशी व्यवस्था आम्ही केली आहे.’

चूक ‘मी’, व्यवस्था ‘आम्ही’. साहेब ‘मी’वर पुन्हा अडखळले. मी म्हटलं, ‘टीम शेवटच्या वाक्यात आहे बघा.’ ते म्हणाले, ‘हं.’ जाऊ दिलं. रजेवरच्या सहकाऱ्यालाही दाखवलं. त्याने ‘आम्ही’वर बोट ठेवून विचारलं, ‘यात मी आहे ना?’ आहेस म्हटलं. फाइल तपासणाऱ्या दोघांपैकी एक तोच आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

कथेत ‘तो तसाच बसून राहिला’ ठेवलं. वरची ओळ होती, ‘तिला एकदम परकं वाटलं’, ती काढली. दोन तीर, तुम्ही म्हणता तसं परतणं शोधतेय. दोन पानांनंतर ती त्यांना पाणी नेऊन देते, तिथे ‘त्यांनी पेला घेतला’ आपसूक आलंय. अजून खात्री नाही, राहू दिलंय.

आणि दोन तीर, आणखी एक. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एवढा लांब लिहून त्यात तुमच्याबद्दल एकही करतो, करते, गेलो, गेले नाही. मुद्दाम?

दोन तीर

सवय जडली. आता सोडवेल असं वाटत नाही.

शाईचा डाग

शेवटचं, मग धागा बंद करा हवं तर. क्लायंटच्या बाईंचं उत्तर आत्ता आलं. एकच ओळ: ‘फाइल मिळाली. आपण सोमवारी बोलू.’

‘आपण’ दिसल्याबरोबर पोटात गोळा आला. मग पुढचा शब्द वाचला. बोलू. ‘बोला’ नाही.